आवाज बंद झाल्याची तक्रार

"तक्रार काय म्हणालात, सर?"

सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या टेबलामागे बसलेल्या टायवाल्या तरुणाने हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा त्याला वाटलं होतं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"गाडीचा आवाज येत नाही," काटेसाहेब म्हणाले.

"म्हणजे हॉर्न?"

"हॉर्न वाजतो."

"म्युझिक सिस्टिम?"

"ती आम्ही कधी लावलीच नाही. गाडीत बोलणारं माणूस होतं."

"मग कसला आवाज येत नाही?"

"खुटखुट यायची. आता येत नाही."

टायवाल्याने कीबोर्डवरची बोटं उचलली आणि गिऱ्हाईक चेष्टा करतंय का ते पाहिलं. समोरचा चेहरा चेष्टेचा नव्हता. तसा तो कसलाच नव्हता. भिंतीवरचं बंद घड्याळ जसं दिसतं, तसा होता.

"मग चांगलंच झालं की, सर. गाडी बरी झाली."

"दुरुस्त न करता?"

"होतं कधीकधी आपोआप."

"होत नाही," काटेसाहेब म्हणाले. "दुकानदार मला सांगायचे, साहेब, काटा कालपर्यंत चुकत होता, आज आपोआप सरळ झाला. आपोआप सरळ झालेला काटा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. मला येताना बघून सरळ झालेले मात्र पुष्कळ पाहिले."

काटेसाहेब वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुकानादुकानांतून तराजू, वजनं आणि मापं तपासत फिरायचे. त्यावरून लोक त्यांना काटेसाहेब म्हणू लागले आणि पुढे हे त्यांचं आडनाव नाही हेच विसरून गेले. त्यांनीही कधी दुरुस्ती केली नाही. चुकीची असली तरी ती एक नोंद होती आणि तिने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

टायवाल्याच्या पडद्यावर तक्रारींची यादी तयार होती. आवाज इंजिनचा, आवाज ब्रेकचा, आवाज चाकांचा, आवाज इतर. नसलेल्या आवाजाची सोय कंपनीने केलेली नव्हती. त्याने 'इतर'वर बोट टेकवलं आणि गाडी आत पाठवली. ग्राहकाला सोबत नेता येत नाही, विम्याचा नियम आहे, असं म्हणून एक तंत्रज्ञ एकटाच गाडी घेऊन गेला, चक्कर मारून आला आणि अभिमानाने म्हणाला, "सर, एकदम शांत!"

"तेच तर मी म्हणतोय," काटेसाहेब म्हणाले.

मग गाडीला वायर जोडून कॉम्प्युटरलाही विचारण्यात आलं. कॉम्प्युटर म्हणाला, गाडीला काही झालेलं नाही. तरीही काहीतरी केलं असं दिसावं म्हणून त्यांनी गाडी धुतली, आत लिंबाच्या वासाचा फवारा मारला आणि पायाखाली कागद अंथरला. काटेसाहेब गाडीत बसले. लिंबाचा वास त्यांना आला, पण बरा की वाईट ते ठरवता येईना. त्यांनी ठरवायचं सोडून दिलं आणि गाडी सुरू केली.

गाडी शांतपणे घरी आली.

तो आवाज घरात आला तो लेकीचं लग्न झाल्यावर. आधी गाडीत तिघं असायची आणि लेक इतकं बोलायची की गाडीच्या वाट्याला काही यायचंच नाही. ती सासरी गेली आणि पहिल्याच रविवारी, कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवरून जाताना, शेजारच्या सीटवरून बायको म्हणाली, "वाजलं बघा. कुचकुच."

"खुटखुट," काटेसाहेब म्हणाले.

इथून जो वाद सुरू झाला तो मग संपला नाही. गाडीत वाद घालायचं एक बरं असतं, दोघांनाही समोर बघावं लागतं. त्यामुळे कुणाचा चेहरा कुणाला दिसत नाही आणि भांडण लांबलं तरी चिघळत नाही. काटेसाहेबांचं म्हणणं असं की, शब्द बरोबर असला तर निदान बरोबर. खुटखुट म्हणजे लोखंडावर लोखंड. कुचकुच म्हणजे रबर, चामडं नाहीतर उंदीर.

"मग उंदीर असेल," बायको म्हणायची.

"गाडीत उंदीर कशाला येईल?"

"तुमच्या गप्पा ऐकायला. कान तपासून घ्या एकदा. कान खुंटीला टांगलेत, म्हणून सगळं खुटखुट ऐकू येतं."

मिस्त्रीच्या गॅरेजात तर शब्दालाच सगळी किंमत. मिस्त्री आधी गाडीकडे बघायचा नाही. तो आधी विचारायचा, "वाजतं कसं?" घरघर म्हटलं की बेअरिंग, किर्रर्र म्हटलं की पट्टा, खडखड म्हटलं की सायलेन्सर. काटेसाहेबांनी खुटखुट सांगितली. मिस्त्रीने लिंक रॉड बदलला. मग बुश बदलले. मग बॉल जॉइंट, मग मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कारण काटेसाहेबांच्या मते आवाज मागून यायचा. दर वेळी मिस्त्री एकटा चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "गेला साहेब आवाज." दर वेळी दुसऱ्या दिवशी स्पीडब्रेकरवर शेजारून यायचं, "वाजलं बघा."

गॅरेजवाल्यासमोर गाडी शहाण्यासारखी वागते, शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरं वागतात तशी, असा निष्कर्ष काटेसाहेबांनी काढला. कुचकुच हा शब्द मात्र गॅरेजपर्यंत कधी पोचलाच नाही. बायको सोबत गेली तर तिला बसायला खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, पंखा तिच्याकडे फिरवला जायचा. प्रश्न विचारला जायचा नाही.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात नेताना काटेसाहेब म्हणाले, मागे आडवी हो. ती म्हणाली, मागे मळमळतं, पुढेच बसते. पाठीशी उशी घेऊन बसली. स्पीडब्रेकर आला. गाडी वाजली. ती काही म्हणाली नाही.

"वाजतंय," काटेसाहेब म्हणाले. आवाजाचा विषय त्यांनी आपण होऊन काढण्याची ही पहिलीच वेळ.

"हं," ती म्हणाली.

यापुढचं सांगण्यासारखं फार नाही. दवाखान्यातून परत येताना काटेसाहेब एकटे होते.

माणसं आली, बसली, गेली. काटेसाहेब सगळ्यांशी नीट बोलले. कोण कुठून आलं, रस्ता कसा होता, गाडी कुठे लावली, हे त्यांनी प्रत्येकाला विचारलं. लेक आत येऊन म्हणाली, "बाबा, रडा तरी."

"येत नाही गं."

"रडू?"

"तेच असं नाही. काहीच."

दात काढायला गेल्यावर आधी सुई देतात, तसं ते होतं. गाल आहे हे माहीत असतं, हात लावला की हाताला लागतो, पण गालाला काही लागत नाही. चहात साखर घालायची राहून जायची आणि कप रिकामा होईपर्यंत त्यांच्या लक्षात यायचं नाही. कधी रिकामा झाल्यावरही यायचं नाही.

अशात चष्म्याच्या दुकानातून फोन आला. बाईंची काडी बसवून झालीय, घेऊन जा. दुकानदाराला कुणी काही सांगितलं नव्हतं. काटेसाहेबांनीही सांगितलं नाही. जाऊन चष्मा घेतला, खिशात ठेवला आणि परत निघाले. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी गेली आणि पुढे बऱ्याच अंतरावर त्यांच्या लक्षात आलं की, ती वाजली नाही.

त्यांनी गाडी वळवली. पुन्हा त्यावरून नेली. नाही वाजली. सावकाश नेली, जोरात नेली, तिरकी नेली. डबक्यातलं पाणी हलेल एवढासुद्धा आवाज नाही.

कितीतरी दिवसांनी काटेसाहेबांना काहीतरी हवंसं वाटलं. त्यांना तो आवाज परत हवा होता. का हवा होता हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर नियमाप्रमाणे उत्तर देता आलं असतं: दोष नाहीसा होत नाही, लपतो. लपलेला दोष शोधणे हे निरीक्षकाचं काम.

म्हणून सर्व्हिस सेंटर. आणि तिथे लिंबाचा फवारा मिळाल्यावर, मिस्त्री.

मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. हात पुसायचं फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकलं. "चला, फिरून येऊ. तुम्ही चालवा."

त्याने पुढचं दार उघडलं. शेजारच्या सीटवर पाठीची उशी होती, मधोमध दबलेली. मिस्त्रीने ते दार आवाज न करता परत लावलं आणि मागे जाऊन बसला.

हे सगळेच करत. बायको गेल्यापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. मेहुणी मागे बसली. शेजारच्या वकिलांना एकदा कोर्टापर्यंत सोडलं, तेही मागे बसले. लोकांची भावना चांगली होती, पण त्यामुळे काटेसाहेब टॅक्सीवाल्यासारखे दिसू लागले होते. वकिलांनी तर उतरताना सवयीने विचारलं होतं, "किती झाले?"

मिस्त्री मागच्या सीटवर आडवा झाला, कान गादीला लावला, पाय वर घेतले. स्पीडब्रेकर गेला, खड्डे गेले, रेल्वेचं फाटक गेलं.

"साहेब, काही नाही."

"माहीत आहे."

"मी काय म्हणतो," मिस्त्री उठून बसला, "आवाजच हवा ना? लिंक रॉडचा नट थोडा ढिला करून देतो. हवी तेवढी खुटखुट घ्या. घरचं काम समजून करतो."

काटेसाहेबांनी यावर खरोखर विचार केला. एक सिग्नल लाल होऊन हिरवा होईपर्यंत केला.

"तो वेगळा आवाज होईल," ते म्हणाले.

"आवाजात काय हो तुझा-माझा?"

"असतो."

मिस्त्रीने फडकं पुन्हा पहिल्या खांद्यावर टाकलं. उतरताना म्हणाला, "पैसे नकोत. मी काही केलंच नाही. तसं आजवर जे केलं त्याचंही काही झालं नाही म्हणा."

त्यानंतर काटेसाहेब स्वतःच शोधू लागले. रोज संध्याकाळी गाडी काढायची, त्याच वाटेने जायचं, त्याच वाटेने यायचं, काचा बंद, पंखा बंद, कान उघडे. वकिलांनी हे लेकीला कळवलं. वकील कळवतातच. लेक आली.

"बाबा, हे काय चाललंय? पेट्रोल जाळून आवाज शोधताय?"

"सापडत नाहीये."

"नसेल सापडत तर आनंद माना ना. लोकांच्या गाड्या वाजतात म्हणून लोक रडतात. तुमचं उलटंच." रडतात म्हटल्यावर ती क्षणभर थांबली. "गाडी विकून टाकू. तुमचं लक्ष नसतं हल्ली. परवा लाल सिग्नलला तुम्ही निघालात आणि हिरव्याला थांबलात, वकीलकाका सांगत होते."

"वकील मागे बसले होते. त्यांना काय दिसणार?"

"बाबा."

"दोष माहीत नसताना माल विकायचा म्हणजे खोटं माप देणं. ज्यासाठी लोकांची दुकानं बंद केली, ते मीच करू? आवाज सापडेपर्यंत गाडी विकायची नाही."

लेक त्यांचीच होती. तिने शब्द तिथेच पकडला. "म्हणजे सापडला की विकायची?"

काटेसाहेब अडकले. "सापडला की विकायची," ते म्हणाले.

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"कबूल?"

"कबूल."

ती गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की, आपण असा सौदा केला आहे ज्यात आवाज मिळाला की गाडी जाणार आणि गाडी राहिली तर आवाज नाही. पण कबूल म्हटलं होतं. संध्याकाळ झाली तसे ते पुन्हा गाडी घेऊन निघाले. फक्त त्या दिवशी जरा सावकाश गेले.

पुढच्या रविवारी लेक जुन्या गाड्यांच्या दलालाला घेऊन आली. "नुसतं बघून जातील," ती म्हणाली. तिने सकाळीच आईचं कपाट आवरलं होतं आणि द्यायच्या कपड्यांची गाठोडी गाडीच्या मागच्या सीटवर भरून ठेवली होती. दुपारी कुठेतरी पोचवायची होती.

दलाल तब्येतीने लहान, आवाजाने मोठा. त्याने गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवर टिचकी मारली, प्रत्येक दार उघडून धाडकन लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. "दार खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "ठोकलेली गाडी असली की दार खण्ण वाजतं. हे धप्प वाजतंय. जपलीय गाडी. एकहाती ना?"

"आता एकहातीच आहे," काटेसाहेब म्हणाले.

दलालाला ते कळलं नाही. लेकीला कळलं आणि ती आरसा पुसू लागली.

"चावी द्या. मी चालवून बघतो. तुम्ही बसा शेजारी."

काटेसाहेबांनी चावी दिली आणि सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले. तिथे दलाल बसलेला होता. मग ते मागच्या दाराशी गेले. तिथे गाठोडी होती. वरच्या गाठोड्यातून हिरव्या साडीचा काठ बाहेर आला होता. ते तसेच रस्त्यावर उभे राहिले.

"साहेब, गाडी तुमचीच आहे. लाजताय काय? या!"

त्यांनी पुढचं दार उघडलं, उशी उचलली, बसले आणि उशी मांडीवर घेतली. सीट पुढे ओढलेली होती, तिच्या उंचीला बेतलेली. गुडघे डॅशबोर्डला टेकले. सीट मागे सरकवायचा दांडा कुठे असतो ते त्यांना माहीत होतं. त्यांनी तो ओढला नाही.

आपल्याच गाडीत ते या जागेवर कधी बसले नव्हते. इथून सगळंच निराळं होतं. ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. ऊन लागतंय असं ती म्हणायची तेव्हा ते म्हणायचे, ऊन काय एकट्या तुला आहे? ते खरोखरच एकट्या तिला होतं. दलालाने बससमोर गाडी घातली तेव्हा काटेसाहेबांचा पाय आपोआप खाली दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता तिथे. तीही असंच करायची. तू काय भोक पाडणार आहेस गाडीला, असं ते विचारायचे.

स्पीडब्रेकर आला.

गाडी वाजली.

काटेसाहेब हलले नाहीत. उशीवरचे हातही हलले नाहीत.

"हे काय खुटखुट वाजलं हो?" दलाल म्हणाला.

आवाज काटेसाहेबांच्या खालून आला होता. मागून नाही, बाहेरून नाही. बरोबर खालून, आणि स्पष्ट. जुन्या चपलेसारखा, ओल्या रबरासारखा.

"पुन्हा घ्या," ते म्हणाले.

दलालाने गाडी वळवून पुन्हा नेली. पुन्हा वाजली.

"खुटखुट," दलाल म्हणाला. "लिंक रॉड असेल. त्याचे कमी करावे लागतील, आधीच सांगतो."

"खुटखुट नाही."

"मग काय?"

तो शब्द त्यांनी आजवर तोंडात घेतला नव्हता. शब्द म्हणायला अवघड नव्हता. लहान मुलालाही म्हणता आला असता.

"कुचकुच," काटेसाहेब म्हणाले.

"छे! लोखंड वाजतंय चक्क."

"कुचकुच आहे."

"साहेब, मी उभा जन्म गाड्यांत काढला. खुटखुट आहे ही."

"कान तपासून घ्या," काटेसाहेब म्हणाले. "कान खुंटीला टांगलेत, म्हणून सगळं खुटखुट ऐकू येतं."

दलाल मोठ्याने हसला. "वा! हे बरं आहे! आमच्या हिला सांगतो." त्याने गाडी बाजूला घेतली. "हे बघा, भांडण नको. तुम्ही इकडे या, मी तिकडे बसतो. होऊन जाऊ दे."

दोघांनी जागा बदलल्या. उशी काटेसाहेबांनी सोबत घेतली. त्यांनी गाडी वळवली आणि तिसऱ्यांदा त्या स्पीडब्रेकरवर नेली.

"अरेच्चा!" शेजारून दलाल ओरडला. "कुचकुच! खरंच की हो! कुचकुच वाजतंय! मघाशी कसं काय...? तुम्हाला आता तिकडून काय ऐकू आलं?"

काटेसाहेबांना खुटखुट ऐकू आली होती. तीच, जुनी, लोखंडावर लोखंड, जरा मागून आल्यासारखी. एवढे दिवस जिच्यासाठी पेट्रोल जाळलं ती. कुणीतरी घरात शिरताना दारावर वाजवावं तशी खणखणीत.

"मलाही कुचकुच," काटेसाहेब म्हणाले.

आयुष्यात त्यांनी दिलेलं हे पहिलं खोटं माप. ते दिल्यावर काही झालं नाही. सिग्नल हिरवा होता, ते निघाले.

घरासमोर गाडी थांबल्यावर दलाल उतरला, वाकला आणि त्याने रिकामी सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली. गप्प. मग एका हाताने वरून दाब देऊन हलवली. वाजली. "सीटखालचा बोल्ट ढिला आहे, खालचं रबर झिजलंय," तो म्हणाला. "माणूस बसलं तरच वाजणार. रिकामी कशी वाजेल? वजन नको?"

वजन. काटेसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं तपासली होती.

लेक फाटकातून बाहेर आली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "सापडला?"

नाही म्हणता आलं असतं. एक खोटं माप देऊन झालंच होतं, दुसरं जड गेलं नसतं. पण त्याच दिवशी, असं कबूल केलं होतं.

"सापडला."

"काय होतं?"

"कुचकुच," काटेसाहेब म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. या घरातला तो वाद तिला पाठ होता. प्रत्येक दिवाणखान्यात एक खुर्ची असते तसा तो वाद तिच्या माहेरी होता. तिने मागचं दार उघडलं आणि एकेक गाठोडं काढून घरात परत नेऊ लागली.

दलालाने गाडीच्या डिकीतून पाना काढला. "दोन आटे पिळतो. संपला आवाज."

"पिळू नका."

"अहो, वाजणारी गाडी गिऱ्हाईकाच्या गळ्यात कशी घालू?"

"खरं सांगून घाला. शेजारी कुणी बसलं तर वाजते म्हणावं. एकट्याला काही त्रास नाही."

"मग सोपं आहे. एकट्यालाच विकतो. तुमच्यासारखा बघतो कुणीतरी सडाफटिंग."

"नको," काटेसाहेब म्हणाले. "दोघं असतील त्यांना द्या."

दलालाने पाना कमरेवर ठेवला. "साहेब, गाडी विकताय की मुलगी देताय?"

"आणि जरा बोलणारी असू द्यात."

"बरं बाबा! दोघं, बोलणारी. आणखी काही? पत्रिका जुळवू?"

"नको. जुळायला नकोच."

दलाल हे पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना रंगवून सांगणार होता आणि बोल्टही पहिल्याच वळणावर पिळणार होता. हे काटेसाहेबांनाही माहीत होतं. दुकानदारांना त्यांनी पुरेसं पाहिलं होतं. तरी त्यांनी चावी दिली. चावीच्या साखळीतून घराची किल्ली काढून घ्यायची राहिली होती, ती लेकीने आठवण केल्यावर काढली.

दलाल बसला. हात हलवला. गाडी निघाली.

काटेसाहेब फाटकाशी उभे राहिले, काखेत उशी. लेक शेजारी येऊन उभी राहिली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, स्पीडब्रेकरवर पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची चढली, उतरली. दोघांनीही कान दिला होता.

"वाजली नाही, बाबा," लेक म्हणाली.

"एकटा आहे तो," काटेसाहेब म्हणाले.